साडभाऊचा सेल्फ

नवीन गावात शिरलं की माणूस पानठेला बघतो, हापशी बघतो, ओळखीचं कोणी बसलंय का ते बघतो. आमचा साडभाऊ उतार बघायचा. लग्न कितीही जवळच्या नात्यातलं असो, जीपचं तोंड खाली करून उभी करण्याजोगा उतार गावात सापडला नाही, की तो मंडपाच्या दारातून परत फिरायचा आणि नवरदेवाच्या बापाला रस्त्यावरूनच ओरडून सांगायचा, "सपाट गाव आहे गा तुमचं! माणसानं राहावं कसं इथी?" स्वतःच्या पोरासाठी मुलगी बघायला गेला तेव्हा मुलगी पसंत, घर पसंत, पण अंगण सपाट म्हणून नाक मुरडून बसला होता. त्याच्या बायकोनं डोळे वटारले म्हणून ती सोयरीक जमली.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचा नवरा. पोंभुर्ण्याकडच्या एका गावात तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून त्याचं घर, थोडी धानाची शेती आणि एक जुनी हिरवी जीप. तिला सेल्फ नव्हता. सेल्फ म्हणजे किल्ली फिरवली की इंजिनाला पहिला झटका देणारी मोटर. ती नसली की गाडीला धक्का मारायचा, नाहीतर उतारावरून सोडायची. म्हणून हे उताराचं वेड. आणि सेल्फ का नव्हता, असं त्याला कोणी विचारलं की तो माझ्याकडे बोट दाखवायचा. मी तिथं नसलो तर मूल गावाच्या दिशेनं दाखवायचा, कारण मी मूलजवळ राहतो.

मला तो आवडत नव्हता, हे सांगून टाकलेलं बरं. त्यालाही मी आवडत नव्हतो. आम्ही एकमेकांना भेटलो ते आमच्या बायका सख्ख्या बहिणी होत्या म्हणून, आणि त्या दोघींचं इतकं गूळपीठ होतं की महिन्याला एकदा तरी भेट झाल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. तिकडे त्या चुलीपाशी खुसूखुसू हसायच्या आणि इकडे अंगणात आम्ही दोघं एकमेकांचे गळे धरायच्या बेतात. तो वयानं आणि नात्यानं मोठा, म्हणून मी त्याला कायम 'तुमी' म्हणूनच शिव्या दिल्या. एवढा मान मी शेवटपर्यंत राखला.

भांडण सुरू झालं एका सरकारी लिलावात. कामातून गेलेल्या दोन सारख्या जीपा विकायला काढल्या होत्या. मला मच्छीमार संस्थेच्या कामासाठी गाडी हवी होती आणि त्याला लोकांना दाखवायला. बायकांनीच ठरवलं की दोघांनी मिळून जावं, म्हणजे कोणी फसवणार नाही. गेलो. त्याला चांगल्या टायरांची जीप मिळाली, मला चांगल्या सेल्फची. माझी किल्ली फिरवताच सुरू झाली, त्याची चार माणसांनी ढकलली तेव्हा खोकली. झालं. तिथंच, त्या आवारात, त्यानं जाहीर केलं की लिलावाच्या आदल्या दिवशी तो गाड्या बघायला आला होता आणि तेव्हा हा सेल्फ त्याच्या जीपमध्ये होता. "माह्या गाडीतून काढून तुह्या गाडीत लावला," तो म्हणाला. मी म्हटलं, "मग लिलावाच्या आधी काऊन नाई बोलले?" तर म्हणे, "मले वाटलं परत लावतीन."

तिथल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून विचारलं. तो बिचारा म्हणाला, "इतके साल एकीचं काढून दुसरीले लावून चालवल्या साहेब. आता कोनाचं काय आहे ते देवालेच माहीत." या उत्तरानं आम्हा दोघांचंही समाधान झालं, कारण दोघांनाही ते आपल्याच बाजूचं वाटलं.

आता कोणीही म्हणेल, की अरे बाबा, सेल्फ काय सोन्याचा असतो? चंद्रपूरला जुन्या सामानाच्या दुकानात ढीग पडलेत. घ्यायचा एक आणि लावायचा. हे मी त्याला म्हटलं, त्याच्या बायकोनं म्हटलं, पोरानं म्हटलं, गावच्या सरपंचानं म्हटलं. सगळ्यांना त्याचं एकच उत्तर होतं. "माहा असतानी दुसरा काऊन घेऊ? घेतला म्हंजे माहावाला त्याचा झाला." पुढं नोकरीला लागल्यावर पोरानं एकदा खरंच नवा सेल्फ आणून दिला, तर यानं तो डब्यासकट गोठ्यात ठेवला. म्हशीच्या दाव्याला वजन म्हणून वापरला. असल्या माणसाशी बोलायचं काय, सांगा!

त्या दिवसापासून भेट कुठंही होवो, मांडवात, दवाखान्यात, मसणवटीत, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. "काय गा सेक्रेटरी, माहा सेल्फ कधी देऊन राह्यला?" मी संस्थेचा सचिव, म्हणून सेक्रेटरी. ते असं म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं मी संस्थेचं तळं विकून खाल्लंय. माझ्या सासऱ्याच्या तिरडीला आम्ही दोघं पुढून खांदा देत होतो, तेव्हाही त्यानं मान वळवून हे विचारलं. मीही तिरडीखालूनच सांगितलं, "देत नाई. काय करता?" मागचे दोघं म्हणाले, अरे, निदान पाऊल तरी एका चालीनं टाका.

जीपा दोन्ही रडक्याच. त्याचं दार दोरीनं बांधलेलं, माझं तारेनं. त्याच्या वायपरला सुतळी होती, पाऊस आला की शेजारी बसलेल्यानं ती ओढत राहायची. म्हणून पावसाळ्यात त्याच्या शेजारी कोणी बसत नसे. माझा हॉर्न डावीकडे वळलं की आपोआप वाजायचा. डिझेलची टाकी गळली की साबण चोळायचा, रेडिएटर गळला की त्यात हळद टाकायची. दोन्ही घरांत हळदीचा डबा बायका लपवून ठेवायच्या. हॅन्डब्रेक कोणाचाच लागत नसे. त्यासाठी त्याच्याकडे सागाचा एक गुटका होता, तिरपा तासलेला, तेल पिऊन काळा झालेला. गाडी थांबली की आधी तो गुटका चाकाखाली, मग साडभाऊ खाली. सीटवर त्याच्या डाव्या हाताला त्या गुटक्याची जागा होती आणि तिथं त्यानं बायकोलाही कधी पिशवी ठेवू दिली नाही.

आणि इंजिन बंद करायचं नाही. उतार नसलेल्या ठिकाणी थांबावंच लागलं, तर गाडी तशीच धडधडत उभी. तहसीलमध्ये काम, गाडी बाहेर सुरू. डॉक्टरकडे रांग, गाडी बाहेर सुरू. बाजारातल्या बाया ओरडायच्या, भाऊ, धूर भाजीवर येते! तो म्हणायचा, "धुरानं कीड मरते. पैसे द्या मले." पोंभुर्ण्याच्या बाजारात त्या धडधडीची लोकांना इतकी सवय झाली होती, की रिकामी जीप रस्त्याच्या कडेला थरथरत उभी दिसली तर लोक समजायचे, साडभाऊ आला आहे. होय, त्याला सगळं गावच साडभाऊ म्हणायचं. मी तिकडे जाऊन इतक्या वेळा त्या नावानं भांडलो होतो, की त्याचं खरं नाव मागे पडलं.

एका पावसाळ्यात मात्र या माणसानं माझा असा काही अपमान केला, की तो अजून पचलेला नाही. आमच्या संस्थेच्या तळ्यात सोडायला मी वैनगंगेपलीकडून मत्स्यबीज आणत होतो. बोटाच्या पेराएवढी पिल्लं, प्लास्टिकच्या थैल्यांत पाणी आणि हवा भरून बांधलेली. उशीर झाला, पाणी तापलं, की थैलीतच मरतात. ती मेली की आमच्या ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, पाड्यातल्या सगळ्या घरांचं वर्ष गेलं. पुढल्या उन्हाळ्यात तळ्यात जाळं टाकून काढायचं काय, चिखल? माझ्यासोबत संस्थेचे म्हातारे सभासद बुधाजी होते. एका रपट्यावरून, म्हणजे ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होतं, त्यातून गाडी काढली, वर आलो आणि गाडी बंद. किल्ली फिरवली. सेल्फ नुसता 'कट्' म्हणाला आणि गप्प बसला.

दोन्हीकडे साग, रस्ता पाटासारखा सपाट, आणि तो पट्टा वाघाच्या ये-जाचा. दोन मोटारसायकली गेल्या. मी हात केला, त्यांनी वेग वाढवला. पाण्याच्या थैल्यांनी भरलेली गाडी मी आणि बुधाजी काय ढकलणार? बुधाजी दर थोड्या वेळानं थैलीला हात लावायचे आणि म्हणायचे, "सेक्रेटरी, कोमट होऊन राह्यलं." तिथून सगळ्यात जवळ गाडीवाला कोण, हे मला माहीत होतं. बुधाजींनाही माहीत होतं. मग मी फोन लावला.

फोनवर त्यानं आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाला, "सेल्फ आहे ना तुह्यापाशी? मार ना किल्ली!" आणि ठेवून दिला. मी मनातल्या मनात त्याची तेरवी घातली. बुधाजी थैल्यांवर ओलं पोतं टाकत बसले.

पण थोड्या वेळानं ती धडधड ऐकू आली. मला तो आवाज ऐकून आनंद झाला, हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. साडभाऊ आला, गाडी चालूच ठेवून उतरला, चाकाखाली गुटका सारला आणि सरळ थैल्या उचलायला लागला. एकेक थैली दोन्ही हातांनी, पोटाशी धरून, लेकरू घ्यावं तशी. सगळ्या त्याच्या गाडीत गेल्या. मी म्हटलं, "माही गाडी दोरानं ओढून सुरू करू." तो म्हणाला, "मेलं ना बीज तवरक! बस गाडीत. तुही गाडी राहू दे इथीच. वाघाले बी पाहू दे सेल्फची गाडी कशी असते."

मग आमच्या गावापर्यंत त्याचं तोंड चालू होतं. वायपरची सुतळी मी ओढत होतो आणि तो बोलत होता. सेल्फवाल्या माणसाचा स्वभाव कसा बिघडतो, त्याला माणसं कशी लागत नाहीत, मग वेळेवर कशी मिळत नाहीत. "माह्या गाडीले रोज चार मानसं हात लावते. तुह्या गाडीले कोन हात लावते? तुही बायको बी नाई लावत." बुधाजी मागे थैल्या धरून बसले होते आणि खाली मान घालून हसत होते. मी ते आरशात बघत होतो.

तळ्यावर पोचलो. त्यानं पाळीवर जीपचं तोंड खाली करून गाडी लावली, थैल्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं होईस्तोवर गुडघाभर पाण्यात उभा राहिला. मग एकेक सोडली. काही पिल्लं पोट वर करून आली. बाकी सगळी निसटून गेली, पाण्यात नुसती चमक दिसली. पाड्यातल्या बाया पाळीवर आल्या होत्या, एकीनं त्याला चहा आणून दिला. चहा पिऊन तो सगळ्यांदेखत म्हणाला, "बीज माह्या गाडीनं आलं. मासे माहे आहेत. आन् सेल्फ बी माहा आहे."

यानंतर दर उन्हाळ्यात आमच्या तळ्यात जाळं पडलं की साडभाऊ पाळीवर हजर. सगळ्यात मोठी रोहू हातानं निवडायचा आणि माझ्याकडे बघत पिशवीत घालायचा. पाड्यातले लोक त्याला खुर्ची द्यायचे. माझ्याच तळ्यावर मी उभा आणि तो खुर्चीवर! मी चिडून चंद्रपूरला जाऊन त्या सेल्फची वायंडिंग नव्यानं करून आणली. असा झाला की किल्लीला हात लागायच्या आधी गाडी सुरू व्हावी. मुद्दाम त्याच्या घरासमोर जाऊन मी तो ऐकवून आलो.

मग दिवस बदलले. त्याच्या गावची धक्का मारणारी पोरं पांगली. कोणी कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात, कोणी सूरजागडला खाणीच्या ट्रकवर. पाळीवरच्या उतारावर गाडी ढकलायला उरले म्हातारे, आणि तेही ढकलण्यापेक्षा टेकण्यापुरते. त्याचा पोरगा पुण्याला. साडभाऊ दार उघडं ठेवून एकटाच खांदा लावायचा, गाडी हलली की पळत आत उडी मारायचा. या वयात! मोठ्या बाई, म्हणजे त्याची बायको, ओसरीवरून हात जोडून बघत राहायच्या. एक दिवस गाडी गेली पुढं आणि हा छातीला हात लावून खाली बसला. जीप आपली एकटी जाऊन बांधाला टेकली.

चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदयाला झटका बसलाय, वजन उचलायचं नाही, गाडी ढकलायची तर बातच नको. पुन्हा ढकलाल तर जाल, अशा साध्या शब्दांत सांगितलं. माझी बायको सुनंदा त्या रात्री जेवली नाही. म्हणाली, "देऊन टाका ना तो सेल्फ." मी म्हटलं, दुकानात ढीग पडलेत, घ्यावा की त्यानं. ती म्हणाली, "तो घेणार नाई, तुमाले माहीत आहे." मी म्हटलं, मग मी देणार नाही, हेही त्याला माहीत आहे. सुनंदानं भांडी अशी घासली की शेजारची उठून आली.

मोठ्या बाईंचे फोन यायचे. घरी आल्यापासून तो ऐकत नव्हता. दोन दिवस बसला, तिसऱ्या दिवशी पुन्हा गाडीला खांदा. बाईंनी किल्ली लपवली, तर म्हणाला धक्क्याला किल्ली कशाला लागते. बाईंनी गुटका लपवला, तर चाकाखाली दगड लावला. मी ऐकायचो आणि म्हणायचो, मरू दे म्हाताऱ्याला. असं म्हणायचो आणि बाहेर जाऊन माझ्या जीपपाशी उभा राहायचो.

तेवढ्यात भाचीचं लग्न आलं. मी मांडवात शिरलो तर साडभाऊ खुर्चीवर बसलेला, गालफडं बसलेली, सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा. मी सवयीनं उत्तर तयार ठेवलं, आज काय बोलायचं ते रस्त्यात घोकूनच आलो होतो. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "ये गा. जेवला का?"

बस, एवढंच. सेल्फचं नाव नाही. मी वाट पाहिली. अक्षता पडल्या, पंगत उठली, नवरी निघाली. शेवटी मीच म्हटलं, "काही बोलायचं आहे का?" तर म्हणाला, "नाई गा. सांभाळून जा. पानी येईन." त्या माणसानं माझ्याशी गोड बोलावं, इतकं वाईट मी त्याचं कधी चिंतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाना घेऊन गाडीखाली शिरलो. बोल्ट काढले. सेल्फ पोत्यात गुंडाळला, थैलीत घातला आणि एसटीनं निघालो, कारण गाडी आता धक्क्याची झाली होती. मांडीवर ते धोंड्याएवढं वजन. कंडक्टर म्हणाला, "काका, काय आहे हे? खाली ठेवा." मी म्हटलं, "एका मानसाचं तोंड बंद करायचं औषध आहे. खाली ठेवता येत नाई." तो तिकीट देऊन पुढं गेला.

साडभाऊ ओसरीवर बाजेवर पडला होता. मी थैली त्याच्या पायाशी ठेवली. त्यानं वास घेतला, आणि पोत्यात काय आहे ते न उघडता ओळखलं. "काऊन आनला? मी मेलो का?" म्हणाला. मी म्हटलं, "मरायच्या आधी एकदा तुमचं तोंड बंद व्हावं म्हणून आनला." तो उठून बसला. "मले दान नोको तुह्यावालं." मी म्हटलं, "दान कोन देते? वापराले देऊन राह्यलो. सेल्फ माहा आहे." त्याचे डोळे एकदम मोठे झाले. "वापराले? माहाच सेल्फ मले वापराले?" मोठ्या बाई आतून धावत आल्या, कारण घरात कित्येक दिवसांनी आवाज चढला होता.

मी जीपखाली शिरलो. वरून त्याचं सुरू झालं. बोल्ट वाकडा लावून राह्यला. ढिला सोडू नोको. संस्थेचा कारभार बी असाच करते का? तेल माझ्या डोळ्यांत पडत होतं, मुंग्या चावत होत्या आणि मी खालून एकेक वाक्याला परत करत होतो. म्हटलं, मदत करता येत नाही तर गप्प बसा. तो म्हणाला, डॉक्टरनं वजन उचलाले नाई म्हटलं, बोलाले नाई म्हटलं नाई. शेजारचे दोन-तीन म्हातारे येऊन काठीवर टेकून ऐकत उभे राहिले.

जोडून झालं. बॅटरी होतीच, हॉर्नशिवाय त्याचं चाललं नसतं. तो सीटवर चढून बसला. लपवलेला गुटका पुन्हा शेजारी जागेवर आला होता. किल्ली घातली, फिरवली. जीप पहिल्या झटक्याला सुरू झाली. त्यानं काही क्षण ऐकलं आणि मग ज्या माणसानं इतकी वर्षं उताराशिवाय कुठंही इंजिन बंद केलं नव्हतं, त्यानं खटका ओढून ते बंद केलं. पुन्हा किल्ली. सुरू. पुन्हा बंद. पुन्हा सुरू. लेकराला खेळणं मिळावं तसा तो करत बसला. मोठ्या बाई पदरानं तोंड झाकून उभ्या होत्या, रडत होत्या की हसत होत्या ते मी बघितलं नाही. शेवटी त्यानं डोकं बाहेर काढलं.

"पाह्यलं? आपल्या घरी आला तं कसा बोलून राह्यला! माहाच होता."

"माहा आहे," मी म्हटलं. "वायंडिंग मी केली आहे."

"माह्या सेल्फची वायंडिंग तू मले न इचारता काऊन केली?"

संध्याकाळच्या एसटीपर्यंत आम्ही भांडलो. त्याच्या गालांवर रंग आला होता. मला एसटी गाठून द्यायला तो फाट्यापर्यंत आला, स्वतः जीप चालवत, आणि सपाट रस्त्यावर उभी करून इंजिन बंद करून दाखवलं. वर म्हणाला, "आता तुले लागन उतार."

पुढचा पावसाळा त्यानं बघितला नाही. बाजाराच्या दिवशी पोंभुर्ण्याला गेला होता. मैदानात, अगदी सपाट जागी, गाडी लावली. भाजी घेतली, गूळ घेतला, परत येऊन सीटवर बसला, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. तो स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसून राहिला. आजूबाजूला बाजार चालू होता, भाजीवाल्या बाया ओरडत होत्या, जीप उभ्या जागी धडधडत होती, आणि साडभाऊची गाडी उभ्या जागी धडधडते यात कोणालाच काही नवल वाटलं नाही. बऱ्याच वेळानं एक बाई धुराबद्दल शिव्या द्यायला जवळ गेली, तेव्हा कळलं.

तेरवीला मी माझी जीप घेऊन गेलो. धक्क्यावर. निघताना पाड्यातली माणसं आली होती ढकलायला, बुधाजीसुद्धा. साडभाऊच्या घरापाशी पाळीच्या उतारावर तोंड खाली करून लावली आणि चाकाखाली दगड ठेवला. जेवणं झाली. नातेवाईक ओसरीवर बसले. त्याचा पोरगा पुण्याहून आलेला, चांगला शिकलेला, नम्र. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "मावसाजी, जाण्याआधी तुमचा सेल्फ काढून घ्या. बाबांनी उगाच तुम्हाला इतकी वर्षं त्रास दिला. तो तुमचाच होता, आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

इतकी वर्षं मी हेच ऐकायला तडफडत होतो. त्या घरातून, त्या ओसरीवरून, सगळ्या नातेवाइकांसमोर. आणि आता ते ऐकून माझ्या अंगाची आग झाली. मी ओरडलो, "तुले काय माहीत? तुह्या बापाचं म्हननं वेगळं होतं! त्याले इचारलं का? हे भांडन आमचं आहे, अजून मिटलं नाई. मिटल्याशिवाय त्या गाडीले कोनी हात लावाचा नाई. विकाची बी नाई!" पोरगा मान खाली घालून उभा राहिला. सुनंदानं माझा हात धरला तेव्हा कळलं, मी रडत होतो.

मोठ्या बाई आत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो सागाचा गुटका होता. "भाऊ, राहू द्या सेल्फ त्यांच्यापाशी," त्या म्हणाल्या. "हे घेऊन जा. दगडानं गाडी सरकते." मी तो घेतला. सीटवर डाव्या हाताला ठेवला. सुनंदानं आपली पिशवी तिथून उचलून मांडीवर घेतली.

म्हाताऱ्यांनी आणि त्याच्या पोरानं मिळून गाडीला हात लावला. दगड काढला, जीप उतारावरून निघाली आणि तळ्याच्या कोपऱ्यावर सुरू झाली. त्याची हिरवी जीप अंगणात उभी होती. तिच्या बाजूनं जाताना मी त्याला नेहमीची शिवी दिली, 'तुमी' म्हणूनच. घरी पोचेपर्यंत इंजिन बंद केलं नाही.